निदान आणि निश्चय : डॉ. बेंजामिन रश याच्या चरित्राचा प्रश्न

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी तरुणपणीच वाचले होते, हेही त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. मराठी अभ्यासक या निमित्ताने पेनपर्यंत जातात आणि बहुधा तेथेच थांबतात. परंतु पेनला अमेरिकेत लेखक म्हणून उभे करणारा, त्याच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तिकेला ‘कॉमन सेन्स’ हे नाव सुचविणारा, आणि त्याआधीच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहून स्वतःच्या व्यवसायाचे नुकसान ओढवून घेणारा एक तरुण डॉक्टर फिलाडेल्फियात होता. डॉ. बेंजामिन रश हे ते नाव. ते मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही.

रशच्या चरित्राची साधने विपुल आहेत. त्याने स्वतःच्या मुलांसाठी आत्मचरित्र लिहिले, शेकडो पत्रे लिहिली, वैद्यकावर ग्रंथ लिहिले, वर्तमानपत्रांतून राजकीय निबंध प्रसिद्ध केले. अडचण निराळीच आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, शाळा, दवाखाने आणि तुरुंगसुधारणा यांसाठी आयुष्यभर झटणारा राजकारणी पुरुष एकीकडे, आणि १७९३ च्या पीतज्वरात मरणोन्मुख रोग्यांचे रक्त वारंवार काढून त्यांना अधिकच क्षीण करणारा डॉक्टर दुसरीकडे, अशी त्याच्या आयुष्याची फाळणी करण्याचा मोह चरित्रकाराला होतो. पहिल्या भागाचा गौरव करावा, दुसऱ्याबद्दल ‘त्या काळाचे वैद्यकच तसे होते’ असे म्हणून पुढे जावे, ही सोयीची वाट. ती घेतली की माणूस हाती लागत नाही. रशच्या राज्यकारणामागे आणि त्याच्या औषधयोजनेमागे एकच मन होते, एवढेच नव्हे तर एकच परिभाषा होती, असे त्याच्या लेखनावरून दाखविता येते.

रशचा जन्म फिलाडेल्फियानजीक बायबेरी या गावी झाला. जुन्या पंचांगाप्रमाणे २४ डिसेंबर १७४५, नव्या पंचांगाप्रमाणे ४ जानेवारी १७४६. वडील शेतकरी आणि बंदुका घडविणारे कारागीर. ते १७५१ मध्ये वारले. आईने शहरात किराणा मालाचे दुकान चालवून मुलांना वाढविले. मेरीलँडमध्ये शाळा चालविणाऱ्या सॅम्युएल फिन्ली या धर्मोपदेशक नातलगाकडे त्याचे आरंभीचे शिक्षण झाले. न्यू जर्सीच्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या प्रिन्स्टनमधून, १७६० साली चौदाव्या वर्षी तो पदवीधर झाला आणि पुढील वर्षापासून पाच-साडेपाच वर्षे डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे उमेदवारीला राहिला. वसाहतीतील बहुसंख्य डॉक्टरांचे शिक्षण येथेच संपत असे. गुरूच्या घरी राहावे, औषधे कुटावी, त्याच्याबरोबर रोगी पाहावेत आणि मग स्वतःची पाटी लावावी, अशी ती पद्धत होती. १७६२ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली तेव्हा उमेदवार रशने तिची टिपणे करून ठेवली. एकतीस वर्षांनी ती त्याच्या उपयोगी पडणार होती.

१७६६ मध्ये तो एडिंबरोला गेला आणि दोन वर्षांनी एम. डी. होऊन बाहेर पडला. एडिंबरोने त्याला दोन गोष्टी दिल्या. विल्यम कलन यांच्या व्याख्यानांतून त्याला वैद्यकातील ‘व्यवस्थे’ची, म्हणजे अनेक रोगांची मांडणी थोड्या तत्त्वांवर करण्याची, ओढ लागली. आणि जॉन बॉस्टॉक या सहाध्यायाशी झालेल्या बोलण्यातून राजसत्तेवरील त्याची श्रद्धा ढळली. दोघांचेही पूर्वज क्रॉमवेलच्या सैन्यात लढलेले होते. राजा हा वंशपरंपरेने का असावा, हा प्रश्न त्या संभाषणात प्रथम आपल्यापुढे उभा राहिला, असे रशने आत्मचरित्रात लिहिले आहे. एकदा मुळालाच धक्का लागल्यावर इतर सर्व अधिकारांविषयीही त्याला शंका येऊ लागल्या. तत्त्व बदलले की सगळेच बदलावे लागते, ही त्याच्या विचाराची धाटणी येथेच दिसू लागते. तरीही १७६८ मध्ये लंडनला पार्लमेंट पाहायला गेला असताना लॉर्डांच्या सभागृहातील राजाच्या सिंहासनावर बसण्याची अनुज्ञा त्याने रखवालदाराकडून मिळविली आणि तेथे बराच वेळ बसून राहिला. त्या वेळी मनात उठलेली खळबळ त्याने मित्राला पत्राने कळविली. नव्याने प्रजासत्ताकवादी झालेल्या बावीस वर्षांच्या मुलाचे हे चित्र अधिकृत चरित्रांच्या गंभीर पानांत थोडे चुकार वाटते, परंतु ते गाळू नये.

१७६९ मध्ये परतल्यावर फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. वसाहतींतील त्या विषयाचे ते पहिले अध्यासन. खासगी व्यवसाय मात्र गरिबांच्या वस्तीतून सुरू करावा लागला. १७७३ मध्ये अँथनी बेनेझेट या क्वेकर शिक्षकाच्या आग्रहावरून त्याने गुलाम बाळगण्याच्या प्रथेविरुद्ध पुस्तिका लिहिली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते, ‘पेनसिल्व्हेनियाचा एक रहिवासी’ एवढाच उल्लेख होता. पण शहरात लेखक कोण हे लपून राहिले नाही. आफ्रिकी माणसांची बुद्धी वा नीती निसर्गतः कमी नाही, त्यांच्यात जे दोष दिसतात ते दास्याने निर्माण केलेले आहेत, असा तिचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद वैद्याचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोष रोग्याच्या प्रकृतीत नसून त्याला ठेवलेल्या परिस्थितीत आहे. परिस्थिती बदला, लक्षणे जातील. या पुस्तिकेमुळे आपल्या व्यवसायाची हानी झाली, असे रशने पुढे नमूद केले.

‘कॉमन सेन्स’ची हकीकत या हानीच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १७७५ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने आवाहन लिहिण्याचा विचार रशच्या मनात घोळत होता, पण परिणामांच्या भीतीने त्याचा हात अडखळला. त्याच सुमारास इंग्लंडहून नुकताच आलेला पेन त्याला पुस्तकांच्या दुकानात भेटला. माझा व्यवसाय व माझे संबंध मला या शहराशी बांधून ठेवतात, तुम्हांला तसे बंधन नाही, तेव्हा हे काम तुम्ही करा, अशा आशयाचे त्याने पेनला सांगितले. ‘स्वातंत्र्य’ आणि ‘प्रजासत्ताक’ हे दोन शब्द मात्र टाळा, असाही सल्ला दिला. पेनने तो मानला नाही. लिहून झालेले भाग तो रशला वाचून दाखवीत असे. पुस्तिकेला पेनने योजलेले नाव ‘प्लेन ट्रूथ’ असे होते. रशने ‘कॉमन सेन्स’ सुचविले आणि ते छापण्याचे धाडस असलेला मुद्रक रॉबर्ट बेल याचे नावही दिले. जानेवारी १७७६ मध्ये पुस्तिका बाहेर पडली. या प्रसंगातील रश भित्रा ठरत नाही, तसा निर्भयही ठरत नाही. एकदा पोळलेला आणि तरीही काम झालेच पाहिजे असे वाटणारा माणूस जे करील ते त्याने केले. विशेष असे की, ही कबुली त्याच्या शत्रूंनी उघड केलेली नाही, त्याने स्वतःच मुलांसाठी लिहून ठेवली.

त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या रिचर्ड स्टॉक्टनची कन्या ज्युलिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. २० जुलै १७७६ रोजी पेनसिल्व्हेनियाने काँग्रेसमध्ये नव्याने पाठविलेल्या प्रतिनिधींत त्याची निवड झाली. म्हणजे ४ जुलैच्या ठरावाच्या वेळी तो सभासद नव्हता; २ ऑगस्टला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा मात्र होता. जावई आणि सासरे दोघांच्याही सह्या त्या कागदावर आहेत. सह्यांच्या दिवसाचे सर्वांत जिवंत वर्णनही रशचेच आहे. पस्तीस वर्षांनंतर जॉन ॲडम्सला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या सभागृहातील जड शांततेची आठवण दिली आहे. एकेकाला मेजाकडे बोलावले जात होते आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण आपल्या फाशीच्या हुकमावर सही करीत आहोत. त्या शांततेत व्हर्जिनियाचा धिप्पाड हॅरिसन किडकिडीत गेरीला म्हणाला की, फासावर चढविल्यावर माझे वजन मला क्षणात सोडवील, तू मात्र तासभर हवेत नाचत राहशील. क्षणभर हशा पिकला, पुन्हा शांतता. इतिहासकार हा प्रसंग या एका पत्रावरूनच सांगत आले आहेत. आठवणीतून उलगडलेला प्रसंग म्हणून तो वाचावा, पण त्यातील भय खोटे वाटत नाही.

युद्धकाळातील रशची कारकीर्द थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १७७७ च्या एप्रिलमध्ये तो लष्कराच्या मध्य विभागाचा सर्जन-जनरल झाला. सैनिक रणांगणापेक्षा इस्पितळांत अधिक मरत आहेत, हे त्याने पाहिले आणि केस आखूड ठेवा, अंग व कपडे धुवा, भाजीपाला अधिक खा, अशा साध्या सूचना वर्तमानपत्रातून दिल्या. त्या १७७८ मध्ये पुस्तिकारूपाने निघाल्या. इस्पितळांचा मुख्य अधिकारी डॉ. विल्यम शिपेन याच्यावर त्याने गैरव्यवस्थेचे आरोप केले. काँग्रेसने साथ दिली नाही आणि ३० जानेवारी १७७८ रोजी त्याला राजीनामा द्यावा लागला. पण त्याच महिन्यात त्याच्या हातून दुसरे एक कृत्य घडले. सेनापती बदलावा असे सुचविणारे निनावी पत्र त्याने व्हर्जिनियाचा गव्हर्नर पॅट्रिक हेन्री याला धाडले. हेन्रीने ते सरळ वॉशिंग्टनकडे पाठविले. वॉशिंग्टनने अक्षर ओळखले. इस्पितळांतील घाण ही शिपेनमुळे, शिपेन टिकतो तो वरच्या शैथिल्यामुळे, म्हणजे दोष सेनापतीचाच, असे हे निदान होते. लक्षणापासून एकाच मुळाकडे झेप घ्यायची आणि मूळ सापडल्याच्या खात्रीने तत्काळ उपटायला धावायचे. शिपेनविषयी रश बऱ्याच अंशी बरोबर होता, हे येथे सांगितले पाहिजे. वॉशिंग्टनविषयी तो चुकला.

युद्ध संपले तरी क्रांती संपलेली नाही, नाटकाचा फक्त पहिला अंक झाला आहे, असे प्रतिपादन त्याने १७८७ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले. माणसांची तत्त्वे आणि चालीरीती नव्या राज्यपद्धतीस योग्य होणे अद्याप बाकी होते. पुढील दहा वर्षांतील त्याचे सर्व उद्योग या एका वाक्याचे भाष्य म्हणता येतील. कार्लाइल येथे डिकिन्सन कॉलेजची स्थापना (१७८३), मद्याच्या परिणामांवरील ग्रंथ (१७८४), गरिबांसाठी फिलाडेल्फिया डिस्पेन्सरी आणि सार्वजनिक शाळांची योजना (१७८६), मुलींच्या शिक्षणावरील व्याख्यान (१७८७), त्याच वर्षी भर रस्त्यात दिल्या जाणाऱ्या शिक्षांविरुद्ध बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी वाचलेला निबंध, आणि वर्षअखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या अधिवेशनात संघराज्याच्या घटनेच्या बाजूने मतदान. १२ डिसेंबर १७८७ रोजी ४६ विरुद्ध २३ मतांनी तेथे घटना मान्य झाली.

या काळातील लेखनात वैद्यक आणि राज्यकारण यांची परिभाषा एकमेकींत इतकी मिसळली आहे की, कोठे उपमा संपते आणि कोठे निदान सुरू होते, हे सांगणे कठीण जाते. शाळांच्या योजनेत तो माणसांना प्रजासत्ताकाची यंत्रे बनविता येतील असे म्हणतो. आज हा शब्दप्रयोग कानाला खटकतो. त्याला तो आशेचा वाटत होता. मद्यपानासाठी त्याने ‘नैतिक आणि शारीरिक तापमापक’ तयार केला. पाण्यापासून जहाल मद्यापर्यंत एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीसमोर दुर्गुण, रोग व शिक्षा यांच्या रकान्यांत ठरलेले फळ. सर्वांत बोलका आहे तो क्रांतीचा मानवी शरीरावर झालेला परिणाम सांगणारा त्याचा निबंध. स्वातंत्र्यलढ्याच्या विरोधकांना, धनमान गेल्याने आणि समाजाने वाळीत टाकल्याने, जडलेल्या व्याधीला तो ‘रेव्होल्यूशियाना’ असे नाव देतो. लढ्याच्या बाजूने असलेल्या काहींना युद्धानंतर स्वातंत्र्याचा अतिरेकी उन्माद झाला, त्याला ‘अनार्किया’. ही चेष्टा नव्हे. रोगवर्णनाच्या गंभीर पद्धतीने लिहिलेला हा मजकूर त्याने पुढे आपल्या वैद्यकीय निबंधांच्या संग्रहात घातला. विरोधी मत हा रोग ठरला की मतभेद उरत नाही, उपचार तेवढा उरतो. या धोक्याची जाणीव रशच्या लेखनात आढळत नाही. पण राजकारणात त्याच्यासमोर विधिमंडळ होते, मतमोजणी होती, ॲडम्ससारखे हजरजबाबी मित्र होते. त्याच्या निश्चयाला तेथे कोणी ना कोणी अडवीत होते. रोग्याच्या खाटेपाशी तशी व्यवस्था नव्हती.

१७९३ च्या ऑगस्टमध्ये डेलावेअर नदीकाठच्या वॉटर स्ट्रीटवर ताप सुरू झाला. १७६२ ची लक्षणे आठवून रशने तो पीतज्वर आहे, असे इतरांच्या आधी आणि अचूक सांगितले. कारण मात्र धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीत शोधले. त्याच्या विरोधकांनी ते सांतो दोमिंगोहून आलेल्या निर्वासितांच्या जहाजांत शोधले. पीतज्वर डासामार्फत पसरतो ही कल्पना कार्लोस फिनले याने १८८१ मध्ये मांडली आणि १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या मंडळाने ती सिद्ध केली. रशच्या साथीच्या वृत्तांतात त्या शरदात डास नेहमीपेक्षा फार होते, अशी नोंद आहे. तिच्यावर त्याची नजर ठरली नाही.

सुमारे पन्नास हजार वस्तीच्या त्या राजधानीतून जे पळू शकले ते पळाले. वॉशिंग्टनही सप्टेंबरात गेला. अनेक डॉक्टर गेले. रश राहिला. आरंभीचे सौम्य उपचार फसल्यावर त्याने जुने कागद चाळले आणि त्यांत फ्रँकलिनकडून मिळालेले जॉन मिचेल या व्हर्जिनियातील डॉक्टरचे हस्तलिखित सापडले. नाडी क्षीण असली तरी जोरकस रेचक द्यावे, असे त्यात म्हटले होते. तेवढ्या वाचनाने रशचा संशय फिटला. दहा ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे औषध, आणि पंधरा ग्रेन जलाप हे रेचक मूळ, अशी पुडी त्याने सिद्ध केली. जोडीला रक्तमोक्षण, तेही पुन्हापुन्हा. मानवी शरीरात प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट रक्त असते असा त्याचा समज होता. त्यामुळे किती काढले म्हणजे फार झाले, याचा हिशेबच चुकला. दिवसाला शंभरावर रोगी तो पाहत होता. त्याची बहीण गेली, घरातल्या पाच शिष्यांपैकी तीन गेले. तो स्वतः आजारी पडला तेव्हा हाच उपचार त्याने स्वतःवर करून घेतला आणि वाचला. या वाचण्याने त्याची खात्री किती पक्की झाली असेल!

येथे त्याच्या राजकारणाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. उपचाराची माहिती त्याने वर्तमानपत्रांत छापली, म्हणजे डॉक्टर मिळाला नाही तर सामान्य माणसाने स्वतःच तो करावा. वैद्यक हे लॅटिन परिभाषेच्या आणि गुरुशिष्यांच्या पडद्याआड राहू नये, ते नागरिकाच्या हाती यावे, हा त्याचा जुना आग्रह होता. ‘कॉमन सेन्स’ हे नाव सुचविणाऱ्या माणसाने रोगाच्या बाबतीतही तेच केले. उलट बाजूस अलेक्झांडर हॅमिल्टन सौम्य उपचारांनी बरा झाला आणि त्या उपचारांची त्याने जाहीर प्रशंसा केली. बुश हिल येथील इस्पितळात फ्रेंच डॉक्टर ज्याँ देवेझ विश्रांती, पातळ पदार्थ आणि स्वच्छता यांवर भर देत होता. दोन औषधपद्धतींना दोन राजकीय पक्षांचा रंग चढला आणि रोग्याची नाडी हा पक्षाभिमानाचा विषय झाला. तीन महिन्यांत सुमारे पाच हजार माणसे मेली. पुढे १७९० च्या दशकातच रशने आपली ‘व्यवस्था’ शेवटास नेली. जगात रोग एकच आहे, रक्तवाहिन्यांतील विकृत उत्तेजन, आणि म्हणून उपायही मूलतः एकच.

या साथीतील एक दस्तऐवज वाङ्मयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. कृष्णवर्णीयांना पीतज्वर होत नाही, असे चार्ल्सटनच्या एका जुन्या वृत्तांतावरून रशचे मत झाले होते. सप्टेंबरच्या आरंभी त्याने वर्तमानपत्रातून शहरातील कृष्णवर्णीयांना आवाहन केले. ईश्वराने तुम्हांला ही सूट दिली आहे, तर रोग्यांची शुश्रूषा करा. आवाहनाखाली सही होती ‘अँथनी बेनेझेट’, १७७३ ची पुस्तिका लिहविणाऱ्या आणि तोवर दिवंगत झालेल्या त्या मित्राची. जन्माने गुलाम असलेले ॲबसलॉम जोन्स आणि रिचर्ड ॲलन पुढे आले. त्यांच्या मंडळींनी शुश्रूषा केली, प्रेते उचलली, रशने शिकविल्याप्रमाणे आठशेहून अधिक लोकांचे रक्तमोक्षण केले. साथ ओसरताना मॅथ्यू केरी या प्रकाशकाने आपल्या लोकप्रिय वृत्तांतात कृष्णवर्णीय शुश्रूषकांपैकी काहींवर लुबाडणुकीचा आरोप केला. जोन्स आणि ॲलन यांनी जानेवारी १७९४ मध्ये पुस्तिका काढून उत्तर दिले. त्या पुस्तिकेत आक्रोश थोडा आहे, हिशेब पुष्कळ आहे. प्रेते उचलण्याच्या व पुरण्याच्या कामी मिळालेली रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. पेट्या आणि मजुरांवर झालेला खर्च ४११ पौंड. मृत्यूंचा हिशेबही आहे. १७९२ मध्ये शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते, १७९३ मध्ये ३०५.

६७ आणि ३०५. रशच्या समजुतीला याहून मोठे उत्तर त्या काळात कोणी दिले नाही. त्यानेही ते नाकारले नाही. १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साथीच्या वृत्तांतात, या लोकांनी काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत आपली चूक आपल्याला कळली, तेही गोऱ्यांप्रमाणेच आजारी पडले आणि त्यांतील अनेक मेले, असे तो लिहितो. मग रक्तमोक्षणाविषयी हाच माणूस असे का लिहू शकला नाही? तेथेही मृतांच्या याद्या होत्या. उत्तर त्याच्या विचाराच्या धाटणीतच असावे. कृष्णवर्णीयांविषयीची समजूत हे एक ऐकीव निरीक्षण होते, ते मागे घेतल्याने काही कोसळत नव्हते. रक्तमोक्षण हे व्यवस्थेचे मूळ होते. आणि गुलामगिरीच्या बाबतीतही त्याच्या तत्त्वाचे व व्यवहाराचे अंतर ध्यानात ठेवावे लागते. १७७३ ची पुस्तिका लिहिणाऱ्या रशच्या घरी पुढे विल्यम ग्रबर नावाचा गुलाम होता. त्याचे मुक्तिपत्र रशने १७८८ मध्ये केले, पण त्याची मुक्ती १७९४ पर्यंत लांबविली. १७९९ मध्ये छापलेल्या एका निबंधात तर त्याने काळा वर्ण हा कुष्ठासारख्या रोगाचा परिणाम असल्याचे प्रतिपादले. हेतू समतेचाच, कारण रोग बरा होण्याजोगा असतो. पण समतेसाठीही त्याला प्रथम रोग लागला. १८०३ पासून मृत्यूपर्यंत तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता. जोतीरावांची अर्पणपत्रिका ज्या परंपरेला उद्देशून आहे तिच्या आरंभी असा मिश्र धातूचा माणूस उभा आहे, आणि त्याच्या शेजारी जोन्स व ॲलन यांचा हिशेब आहे.

१७९७ च्या साथीत विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने रशच्या उपचारावर आपल्या पत्रातून बोचरा हल्ला चढविला. रशने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १४ डिसेंबर १७९९ रोजी पाच हजार डॉलरचा निकाल मिळविला. त्याच दिवशी माउंट व्हर्नन येथे घसा सुजलेल्या वॉशिंग्टनचे डॉक्टर त्याचे रक्त काढत होते. सव्वादोन लिटरहून अधिक काढले आणि रात्री तो वारला. त्या डॉक्टरांत रश नव्हता. कॉबेटने तरीही हा योग हातचा जाऊ दिला नाही. निकाल लागला पण व्यवसाय खालावला होता. ॲडम्सने १७९७ मध्ये दिलेल्या टांकसाळीच्या खजिनदारपदावर त्याचा बराच आधार होता.

या वातावरणात, १८०० साली, त्याने ‘ट्रॅव्हल्स थ्रू लाइफ’ हे आत्मचरित्र मुलांसाठी लिहिले. ते अर्धवट स्वरूपात १९०५ मध्ये आणि साक्षेपी आवृत्तीत १९४८ मध्येच प्रकाशात आले. त्यात आत्मसमर्थन आहे, शत्रूंची यादी आहे, सह्या करणाऱ्या सहकाऱ्यांची एक-दोन ओळींची नेमकी शब्दचित्रे आहेत. पण त्याच्या गद्याची खरी उंची त्यात नाही, ती ॲडम्सशी झालेल्या पत्रव्यवहारात आहे. तेथे समोर उत्तर देणारा माणूस आहे. ॲडम्स थट्टा करतो, खोडून काढतो, आणि रशचा निश्चय तेथे सैल पडतो. १७ ऑक्टोबर १८०९ च्या पत्रात त्याने आपल्याला पडलेले स्वप्न कळविले. मुलगा रिचर्ड इतिहासग्रंथ वाचीत आहे आणि त्यात ॲडम्स व जेफरसन या दुरावलेल्या मित्रांनी पुन्हा पत्रव्यवहार सुरू केल्याची हकीकत आहे. दोघेही पुढे जवळजवळ एकाच वेळी मरण पावले, असेही त्या पानावर आहे. हे स्वप्न पडले की रचले, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो. वैद्याने या वेळी पुडी दिली नाही, एक गोष्ट सांगितली. १ जानेवारी १८१२ रोजी ॲडम्सने जेफरसनला पत्र लिहिले.

त्याच वर्षी रशचा मनोविकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील या विषयावरचे हे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. वेडाला शाप न मानता आजार मानावे, रोग्यांना उबदार खोल्या, काम आणि बोलायला माणूस मिळावा, असे तो त्यात म्हणतो. रोग्याला जखडून ठेवणारी ‘शांत करणारी खुर्ची’ही त्याचीच, आणि रक्तमोक्षण येथेही आहेच. तो लिहीत असताना त्याचा थोरला मुलगा जॉन पेनसिल्व्हेनिया इस्पितळात, बापाच्याच देखरेखीखाली, रोगी होता. नौदलात असताना १८०७ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून मित्र मारला गेला आणि त्याचे मन उद्ध्वस्त झाले. १८१० मध्ये त्याला घरी आणले. काही दिवसांतच इस्पितळात ठेवावे लागले. रोगाचे मूळ एकच असते असे मानणाऱ्या डॉक्टरला या रोगाचे मूळ ठाऊक होते, उपाय मात्र चालला नाही.

रश १९ एप्रिल १८१३ रोजी वारला. ॲडम्स आणि जेफरसन यांचा पत्रव्यवहार पुढे तेरा वर्षे चालला आणि दोघेही ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी गेले. जॉन रश त्या इस्पितळात १८३७ पर्यंत होता.